कथलाचे छर्रे

आमच्या घरच्या दसऱ्याच्या बाराची गोष्ट मी मुलांना पुष्कळदा सांगितली आहे, पण नेहमी अर्धीच, कारण उरलेली अर्धी मला स्वतःलाच फार उशिरा कळली. आता आई नाही, नाना तर कधीचेच गेले, आणि ज्या तळ्याकाठी हे सगळं घडलं तिथे आज कुठल्याशा कारखान्याची लांबच लांब भिंत उभी आहे. माझ्या अडाजणच्या फ्लॅटच्या गच्चीवरून हजीऱ्याकडचे दिवे दिसतात. सुट्टीत आलेला नातू विचारतो, "आजी, तिकडे काय बघत बसतेस?" मी म्हणते, "बदकं." तो मला वेड्यात काढतो. काढू दे, त्याच्या वयात मीही मोठ्यांना वेड्यातच काढत होते.

नाना पाटबंधारे खात्यात नोकरीला होते. मूळचे आम्ही धुळ्याकडचे. आमच्याकडची बहुतेक माणसं सुरतेत आली ती कामाच्या जवळ खोल्या घेऊन राहिली, पण नानांचा जीव खोलीत घुसमटायचा. त्यांनी हजीऱ्याच्या रस्त्याला, जिथे दिवे लागल्यावर बससुद्धा यायची नाही अशा जागी, एक बैठं कौलारू घर आणि त्यामागची थोडी जमीन घेतली. जमिनीत पापडी आणि वांगी, कडेला चिकू, जमीन संपली की तळं आणि तळ्यापलीकडे वेड्या बाभळीचं रान. आईला हे मुळीच पसंत नव्हतं. "माणसांच्या शेजारी राहायला आले होते मी, बेडकांच्या नाही," असं ती येईल त्याला ऐकवायची. मग कुणाच्या तरी सांगण्यावरून तिने बदकं पाळली आणि तक्रार एकदम बंद झाली. बदकांना तिने नातेवाइकांची नावं दिली होती. पुढे पुढे करणारी एक थोरली नणंद होती, सतत कुरकुरणारी एक मामी होती, आणि एक नुसतीच गोरीपान होती तिचं नाव मॅडम. सकाळी आमच्या घरात गजर कधी लावला गेला नाही, कारण त्याआधीच मामी उठलेली असायची. त्यांची अंडी आई काळ्या मसाल्याच्या रश्शात सोडायची आणि सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी असायची. तो रस्सा आता मला कुणी करून देत नाही आणि मला स्वतःला तसा जमत नाही.

घरात एक बंदूक होती. आजोबांची, एकनळी, दस्त्याचं लाकूड हातांनी काळं पडलेलं. आजोबांबरोबर नाना लहानपणी बदकांच्या शिकारीला जात असत. तापीच्या पाण्यात पहाटे कमरेएवढं उभं राहायचं आणि थव्याची वाट बघायची, या गोष्टी ते इतक्या रंगवून सांगत की आई म्हणायची, "मला बघायला आलात तेव्हा एवढं बोलला असता तर बरं झालं असतं." पुढे कायदा आला आणि शिकार बंद झाली. नानांनी तो काटेकोर पाळला, सरकारी माणूस होते ना. पण बंदुकीचा परवाना पिकाच्या राखणीसाठी राहिला, कारण रानातली डुकरं येऊन पापडीचे वेल मुळासकट उपटून टाकायची. नाना मागच्या ओट्यावरून एक बार काढत, डुकरावर नव्हे, डुकराच्या बऱ्याच वरून, आणि डुकरं पळत. छर्रे जाऊन पडत ते तळ्यात.

शिकार थांबली तरी काडतुसं भरणं थांबलं नव्हतं. आजोबांची पितळी काडतुसं होती, ती रिकामी झाली की पुन्हा भरायची आणि पुन्हा वापरायची. हे काम नाना फक्त रविवारी, फक्त सकाळी आणि फक्त अंघोळ झाल्यावर करत, पूजेला बसावं तसे पाटावर बसत. त्या वेळी चूल विझवलेली असायची, नानांची तंबाखूची डबी आईच्या ताब्यात असायची आणि कुणी हाक मारलेली त्यांना चालायची नाही. थोड्या अंतरावर आई शिवणाचं मशीन घेऊन बसायची. ती आजूबाजूच्या बायकांची पोलकी शिवून द्यायची. तिच्या सुया सारख्या चटईत सांडायच्या, म्हणून शेजारच्या रमणकाकांच्या गरब्याच्या मांडवातला एक भोंगा फुटला तेव्हा त्यातलं वाटोळं लोहचुंबक तिने मागून आणलं होतं. ते चटईवरून फिरवलं की सुया टकटक करत येऊन चिकटायच्या. मशीनचा खडखडाट, सुयांचं टकटक आणि पितळी वाटीत छर्रे ओतल्याचा सरसर आवाज, असा आमचा रविवार. मी मधे बसून अभ्यास करते असं दाखवायची.

ते साल बदकांना वाईट गेलं. आधी मामी गप्प झाली. आम्हाला बरंच वाटलं, खोटं कशाला सांगू. मग तिची मान वाकडी झाली, पंख लोंबले, आणि एके दिवशी ती तळ्याच्या काठाला मरून पडलेली मिळाली. पाठोपाठ थोरली नणंद गेली, मग आणखी. आई दृष्ट काढून थकली. शेवटी मॅडमने मान टाकली तेव्हा नाना तिला पिशवीत घालून जनावरांच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरांनी ती फाडून पाहिली आणि कागदाच्या पुडीत काय सापडलं ते नानांच्या हातावर ठेवलं. शिशाचे छर्रे होते, झिजून चपटे झालेले. बदक चिखल चाळतं, दळणासाठी म्हणून पोटात खडे घेतं, आणि तळ्याच्या चिखलात खड्यांबरोबर नानांचे इतक्या वर्षांचे छर्रे पडलेले होते. शिसं पोटात झिजत राहतं आणि रक्तात उतरतं, असं डॉक्टर म्हणाले.

नानांनी पुडी आईसमोर ठेवली आणि सगळं सांगितलं. लपवायचा त्यांचा स्वभावच नव्हता, खोटं बोलायला गेले की त्यांचे कान लाल व्हायचे. आईने पुडीतले छर्रे बोटाने एकेक करून वेगळे केले. मग म्हणाली, "कायद्यानं हात बांधले, तरी बदकं मारलीतच तुम्ही." नाना त्या दिवशी जेवले नाहीत. आईने ताट वाढलं, झाकून ठेवलं आणि ती स्वतःही जेवली नाही. मी एकटीच जेवले, आणि जेवताना मला फार अवघडल्यासारखं झालं.

त्यानंतर नानांनी शिशाला हात लावला नाही. असलेले छर्रे त्यांनी रद्दीवाल्याला देऊन टाकले आणि काडतुसात दुसरं काय भरता येईल याच्या मागे लागले. आमच्या गावचा एकजण कतारगामला यंत्रमागाच्या कारखान्यात फिटर होता. त्याच्याकडून त्यांनी जुन्या बेअरिंगमधल्या पोलादी गोळ्या आणल्या, बारीक आणि आरशासारख्या. पोलाद बदकाच्या पोटात गेलं तरी विष होत नाही, एवढं त्यांनी डॉक्टरांना विचारून घेतलं होतं. मोठ्या उत्साहाने त्यांनी काही काडतुसं भरली. आईने एक गोळी दाताखाली धरून पाहिली आणि म्हणाली, "माय वं, केवढी कडक! तुमच्या त्या म्हाताऱ्या नळीला सोसेल का ही?" नाना म्हणाले, "तू पोलकी शीव." पण तिचं बोलणं त्यांच्या मनात घर करून राहिलं असावं, कारण बाकीची काडतुसं त्यांनी रिकामीच ठेवली.

कथलाची युक्तीही आईचीच. दसऱ्याच्या आधी दरवर्षी कल्हईवाला यायचा. आमच्या चिकूखाली भट्टी लावायचा, भाता हलवायचा, आणि पातेली आतून चांदीसारखी करून द्यायचा. नवसागराचा धूर नाकात जाऊन आम्ही सगळे खोकायचो. आई ओट्यावर बसून बघत होती आणि एकदम म्हणाली, "अहो, या कल्हईच्या पातेल्यातली आमटी आपण जन्मभर खातोय. आपल्याला काही झालं नाही, तर बदकाला काय होणार?" नानांनी हातातला चहा खाली ठेवला. मग त्यांनी आणि कल्हईवाल्याने मिळून काय काय खटपटी केल्या ते सगळं सांगत बसत नाही. वितळलेलं कथील थेंबाथेंबाने पाण्यात पडायचं, चर्र आवाज करायचं आणि त्याचे दाणे व्हायचे. काही छान गोल, काही बेडकाच्या पिल्लासारखे शेपटीवाले. ते निवडायचं काम माझ्याकडे आलं. परातीची एक बाजू उचलायची, गोल असेल तो घरंगळत खाली येतो आणि शेपटीवाला वरच अडकतो. आमच्या कॉलेजातल्या मुलींना नवरात्रात गरब्याचे घागरे निवडायची घाई होती आणि मी छर्रे निवडत होते. पण मला ते आवडायचं. उरलेल्या काडतुसांत कथील भरलं गेलं, आणि कथील व पोलाद वजनाला जवळपास सारखंच असल्यामुळे हातात घेऊन कोणतं कुठलं ते ओळखू येत नव्हतं.

अष्टमीला नाना बंदूक आणि दोन्ही तऱ्हेची काडतुसं घेऊन जुन्या सुरतेत एका म्हाताऱ्या बंदूकवाल्याकडे गेले. मीही बरोबर होते, मला येताना घारी हवी होती, सुरतेची ती तुपातली मिठाई. म्हाताऱ्याने नळीतून दिव्याकडे पाहिलं, बोट फिरवलं, मग पोलादी गोळ्या हातात खेळवल्या आणि मान हलवली. "साहेब, आ दाणा फोडशो तो नळी फाटी जशे. हाथ पण जाय, आंख पण जाय." नानांचा चेहरा उतरला. मग त्याने कथलाचा दाणा दातांनी दाबला आणि हसला. "आ तो माखण छे. आ फोडो." नाना इतके खूश झाले की मला घारी एकाऐवजी दोन मिळाल्या.

घरी आल्यावर पोलादाची काडतुसं लगेच उकलून टाकायला हवी होती. पण हे काम नाना सकाळीच करत, आणि दुसरी सकाळ खंडेनवमीची. हत्यारं, अवजारं पूजेला मांडायची, त्यांच्याकडून काम घ्यायचं नाही आणि त्यांची मोडतोड तर मुळीच करायची नाही, हा आमच्याकडचा नियम. नाना म्हणाले, "दसरा होऊ दे, मग उकलतो." तेवढ्यापुरती खूण म्हणून त्यांनी तंबाखूच्या डबीतला चुना बोटावर घेतला आणि पोलादाच्या प्रत्येक काडतुसाच्या बुडाला एकेक ठिपका लावला. "चुना असेल त्याला हात लावायचा नाही," असं ते मला म्हणाले. आईला म्हणाले नाहीत. काडतुसांना आई हात लावेल हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसेल.

माझ्या वाचकांत बायका असतील तर त्यांना पुढचं सांगायलाच नको. दसरा तोंडावर आला की घरात पितळेची एक वस्तू काळी राहत नाही. समई, तबक, घंगाळ, देव, देवाचं सिंहासन, सगळं अंगणात येतं आणि चिंचेनं घासलं जातं. आईने सगळं घासून काढलं, आणि मग तिची नजर नानांच्या पेटीकडे गेली. धुरकटलेली, डागाळलेली काडतुसं. तीही पितळेचीच. यंदा बदकांवरून तिने नानांना फार बोलून घेतलं होतं, आणि माझी खात्री आहे, ती काडतुसं घासणं ही तिची माफी होती. तोंडाने माफी मागणं आमच्याकडे कुणाला येत नव्हतं. पाणी आत जाऊ न देता, एकेक काडतूस उभं धरून, चिंचेच्या कोळात भिजवलेल्या चिंधीने तिने ती पुसली, फडक्याने कोरडी केली आणि उन्हात ठेवली. चिंचेपुढे चुन्याचं काय चालतंय! नवमीला बंदूक चौरंगावर आडवी ठेवली, तबकात काडतुसं उभी मांडली, प्रत्येकाला हळदकुंकू लावलं आणि मधे मधे झेंडूची फुलं खोचली. बुडं खाली होती. तबक इतकं सुंदर दिसत होतं की नाना पूजा करताना दोनदा म्हणाले, "वा!"

दसऱ्याचा बार आजोबांपासूनचा. संध्याकाळी शेताच्या हद्दीपर्यंत जाऊन यायचं, परत आल्यावर मागच्या ओट्यासमोर तळ्याच्या मोकळ्या बाजूला तोंड करून एक बार काढायचा, आणि मगच एकमेकांना सोनं द्यायचं. रमणकाका आणि त्यांच्या पत्नी शांताबेन त्यासाठी मुद्दाम येत. गुजरात्यांची फाफडा-जिलेबी सकाळीच होऊन जाते, तरी रमणकाका आमच्याकरता संध्याकाळी वेगळा पुडा आणत. त्या वर्षी नानांचा उत्साह काही और होता. नव्या कथलाचा पहिला बार दसऱ्याच्या मुहूर्तावर! आईने तळ्यावर नवीन बदकंही आणून सोडली होती, पिल्लंच होती अजून. ती तेवढी टोपलीखाली झाकून ठेवली होती.

मी तबक धरून उभी होते. नानांनी त्यातलं एक काडतूस उचललं, उलटं केलं आणि बुडाकडे नीट बघितलं. माझ्या डोळ्यांसमोर बघितलं. बूड पिवळं, स्वच्छ. चुना नाही म्हणजे कथील. त्यांनी ते नळीत घातलं, बंदूक खट्कन मिटवली आणि दस्ता खांद्याला लावला. मी आज विचार करते तेव्हा वाटतं, खूण धोक्याच्या वस्तूवर करावीच कशाला? पुसली गेली की तीच वस्तू साधू होऊन बसते. पण हे शहाणपण मला आता सुचतंय. तेव्हा मी बार उडणार तरी कानात बोटं घालता येत नाहीत याचं दुःख करत होते, कारण हातात तबक होतं.

आई मागे आरतीचं ताट घेऊन उभी होती. तिला तिचं काम कुणीतरी पाहावं असं वाटत असणार. ती शांताबेनना म्हणाली, "जुओ ने बेन, यंदा काडतुसंसुद्धा चिंचेनं घासली मी. यांनी बुडाला चुन्याचे डाग पाडून ठेवले होते, तेसुद्धा काढले."

नानांचं बोट चापावर होतं. ते मी पाहिलं. ते बोट आधी सरळ झालं, मग हळूहळू मागे आलं. बंदुकीची नळी खाली गेली, जमिनीकडे. त्यांनी बंदूक उघडली, काडतूस बाहेर काढून मुठीत घेतलं. ज्यांच्या हाकेने तळ्यापलीकडचा माणूस वळून बघायचा ते नाना अगदी हळू आवाजात म्हणाले, "सगळ्यांचे काढलेस?"

"मग? अर्धवट काम करते का मी कधी?" आई म्हणाली, आणि मग तिने त्यांचा चेहरा पाहिला. "काय व्हयनं?" घाबरली की तिची अहिराणी बाहेर यायची.

नानांनी सांगितलं, थोडक्यात. चुना कशाचा होता, बंदूकवाला काय म्हणाला होता. शांताबेननी आईच्या हातातलं आरतीचं ताट काढून घेतलं. रमणकाकांना अर्धंच कळलं होतं. ते म्हणाले, "नानासाहेब, फोडो ने! जिलेबी ठंडी थाय छे." शांताबेननी त्यांना असं काही दटावलं की बिचारे जिलेबीचा पुडा मागे लपवून उभे राहिले. नाना म्हणाले, "आज बार नाही. उद्या सगळी उकलून बघतो." आई ओट्याच्या पायरीवर बसली. तिच्या मनात काय चाललं असेल ते मला दिसत होतं. सासऱ्यांपासून कधी न चुकलेला बार तिच्यामुळे चुकला हे एक. पण ते राहू दे. आपण ह्या माणसाच्या तोंडाशी काय नेऊन ठेवलं होतं, हे दुसरं. ती उठून घरात गेली. आम्हाला वाटलं, रडायला गेली. मला तिच्या मागे जायचं होतं, पण हातात तबक होतं.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात शिवणाच्या डब्यातलं लोहचुंबक होतं, त्याला दोन-चार सुया अजून चिकटलेल्या होत्या. "पोलाद असेल तर ओढेल," ती म्हणाली. "कथील नाही ओढणार. पातेल्याला लावून बघितलं मी आत्ता." ती पुन्हा पायरीवर बसली. मग नाना पाहुण्यांकडे पाठ करून तिच्याशेजारी बसले. आईने सुया काढून पदराला टोचल्या, चुंबक दोन्ही हातांत घट्ट धरलं आणि डोळे मिटून घेतले. "कानबाई माय, कानबाई माय," असं ती माहेरच्या देवीला आळवत होती. नानांनी आधी मुठीतलं काडतूस पुढे केलं, जे बंदुकीतून काढलं होतं ते.

तबक घेऊन मी त्यांच्यासमोर उभी होते, म्हणून मला दिसलं. काडतूस चुंबकाजवळ गेलं आणि टक्कन चिकटलं. नानांनी तत्क्षणी त्यावर पंजा झाकला, ते सोडवून घेतलं आणि मोठ्याने म्हणाले, "कथील! कथलाचं आहे हे! काही झालं नसतं गं!" आणि ते काडतूस सदऱ्याच्या खिशात टाकलं. त्यांचे कान लालभडक झाले होते. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तबकातल्या झेंडूंकडे बघायला लागले.

"खरंच कथलाचं?" आईने डोळे उघडून विचारलं.

"शंभर टक्के," नाना म्हणाले.

मग आई रडली, आणि रडता रडता हसली, आणि तिचं बघून शांताबेन रडल्या, ज्यांना नक्की काय झालं ते अजूनही धड कळलं नव्हतं. बाकीची काडतुसं एकामागून एक चुंबकाला लावून झाली. चिकटली ती नानांनी रुमालात बांधून माझ्याकडे दिली, न चिकटलेल्यांतलं एक घेतलं, तेही पुन्हा एकदा चुंबकाला लावून बघितलं, आणि उठले. या वेळी आम्हाला सगळ्यांना त्यांनी घरात उभं राहायला लावलं. बार निघाला. बाभळीच्या रानातून बगळे उठले, टोपलीखाली पिल्लांनी एकच कालवा केला, आणि धूर विरला तेव्हा नाना ओट्यासमोर जसेच्या तसे उभे होते, दोन्ही हात, दोन्ही डोळे, सगळं जागच्या जागी. मला इतकं हलकं वाटलं की मी तिथेच जमिनीवर बसले. नाना आत आले, सोनं द्यायच्या आधीच रमणकाकांच्या हातातला पुडा ओढून घेतला आणि उभ्या उभ्या जिलेबी खाल्ली. त्या रात्री आईने खापरावरच्या पुरणपोळ्या केल्या, नाना किती खाताहेत याकडे तिने लक्ष ठेवलं नाही, आणि त्यांनीही ठेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी पोलादाची काडतुसं उकलली गेली, खिशातलंसुद्धा, आई तळ्यावर गेलेली असताना. त्यातल्या गोळ्या पुढे माझ्या सायकलच्या कामी आल्या. नव्या बदकांतलं एकही मेलं नाही. नानांनी काठाजवळचा चिखल माणसं लावून काढून टाकला होता, आणि तळ्यात पडलं तर ते कथीलच पडत होतं. पुढे नाना खूण करायचे ती चांगल्या काडतुसाला, आणि ती चुन्याची नसायची. घरात वाद झाला की नाना म्हणत, "बाई, तुझ्या चिंचेनं मला कथीलच दिलं, नशीब माझं." आई म्हणायची, "दिलं ना? मग गप जेवा." असं वर्षानुवर्षं चाललं. नानांनी मला कधी गप्प राहा असं सांगितलं नाही, आणि मी कुणाला बोलले नाही. आमच्या दोघांचं ते एक गुपित होतं आणि मला त्याचा अभिमान वाटायचा. नाना गेल्यावर बंदूक आम्ही पोलिसांकडे जमा केली, आणि परवानाही परत केला.

शेवटची काही वर्षं आई माझ्याकडे होती, या अडाजणच्या फ्लॅटमध्ये. तिचं बोलणं पुन्हा माहेरच्या अहिराणीवर गेलं होतं. डोळ्यांनी अधू झाली होती, तरी उशांच्या खोळी शिवायचा हट्ट सुटला नव्हता. एका दुपारी तिची सुई पडली. मी डब्यातून ते जुनं वाटोळं लोहचुंबक काढून तिच्या हातात दिलं. तिने ते चाचपलं, जरा वेळ धरून ठेवलं आणि म्हणाली, "पोलादच व्हतं ते."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी हातातलं काम खाली ठेवलं. "तुला नानांनी सांगितलं?"

"त्यांनी?" ती हसली. "ते तर मरेपर्यंत कथील कथील करत व्हतात."

"मग तुला कसं कळलं? तू तर डोळे मिटून घेतले होतेस."

"मन्हा डोया मिटेल व्हतात," आई म्हणाली. "हात नही."

मी विचारलं, मग इतक्या वर्षांत त्यांना एकदाही बोलली कशी नाहीस? तिने चुंबक चटईवर इकडेतिकडे फिरवलं. "कसाले? एकच खोटं बोलता आलं त्या माणसाला जन्मात. मी पकडलं नाही म्हणून किती खूश व्हतात!" सुई तिला सापडत नव्हती. मी ती उचलून तिच्या हाताजवळ नेली, तेवढ्यात ती माझ्या बोटांतून निसटून चुंबकाला टक्कन जाऊन चिकटली, आणि आम्ही दोघी हसत सुटलो.